पुण्यात फ्लॅट, होस्टेलला पोरगा आणि वासराचा विमा

अमळनेर तालुक्यातल्या एका भाऊंचं पत्र आलंय, चार पानी. त्यातलं कामाचं तेवढं इथे देतो.

"सर, माझं वय ४१. गावात कृषी केंद्र आहे आणि पाच एकर कोरडवाहू, कापूस लावतो. मुलगा १४ वर्षांचा, नववीला, हॉकी खेळतो. यावर्षी बालेवाडीला शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत त्याचं सिलेक्शन झालं, जुलैपासून तिथेच होस्टेलला आहे. राहणं, जेवण, शाळा सगळं फ्री. पण पोरगा रोज रात्री फोनवर रडतो. आईला अहिराणीत म्हणतो, 'माले आठे करमत नही,' म्हणजे मला इथे करमत नाही. यंदा कानबाईच्या सणाला, रोटांना, पहिल्यांदाच घरी नव्हता, त्या दिवशी मिसेस पण जेवली नाही. मेसचं जेवण त्याला गोडसर, बिनतिखटाचं लागतं, बाकीची पोरं त्याच्या बोलण्यावरून चिडवतात, पहिल्या प्रॅक्टिस मॅचला तर पूर्ण वेळ बाहेरच बसवलं. म्हणून आम्ही ठरवतोय की पुण्यात वन बीएचके भाड्याने घ्यायचा, भाडं १८ हजार, डिपॉझिट ६०. मिसेस आणि लहान मुलगी तिकडे राहतील. रविवारी दुपारी पोरांना बाहेर सोडतात, तेव्हा त्याला घरचं जेवण मिळेल. बारावीपर्यंत चार वर्षांचा प्रश्न आहे, पुढे स्पोर्ट्स कोट्यातून रेल्वेत वगैरे लागूनच जाईल. तर यासाठी बँकेतली ४ लाखांची एफडी मोडू, की १२ तोळे सोनं ठेवून लोन काढू? काय स्वस्त पडेल?"

शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, "तुम्ही नेहमी विचारता म्हणून" असं लिहून बाकीचं दिलंय. दुकान आणि शेती धरून वर्षाला सात लाखांच्या आसपास सुटतात. घरखर्च महिना ३० हजार, होमलोनचा हप्ता १३ हजार, कर्ज बाकी ११ लाख. सोसायटीचं पीककर्ज दीड लाख. कंपन्यांची उधारी सीझनला ८ लाखांपर्यंत जाते. पतसंस्थेत ३ लाख. मुलाच्या नावाने तीन वर्षांपूर्वी काढलेली पॉलिसी, हप्ता वर्षाला ९६ हजार, मुदत २० वर्षं. मुलीच्या नावाने मागच्या वर्षी काढलेली, हप्ता ४८ हजार. स्वतःची एक जुनी पॉलिसी, हप्ता १८ हजार, विमा ३ लाखांचा. दोन्ही मुलांच्या पॉलिस्या साडूंनी काढून दिल्या, आणि आता साडू म्हणतायत की पोरगा खेळाडू झालाय तर एक 'करिअर प्लॅन' घेऊन टाका, वर्षाला २ लाख फक्त पाच वर्षं भरायचे, पाच वर्षांनी २० लाख.

भाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देतो. दोन्हीतलं एकच करायचं असेल तर एफडी मोडा, कारण एफडीवर साडेसहा-सात टक्के मिळत असताना सोन्यावर नऊ-दहा-बारा टक्क्याने कर्ज काढणं म्हणजे आपल्याच खिशाला भोक पाडणं. पण दोन्ही करू नका. फ्लॅटच घेऊ नका.

आता फ्लॅटचा हिशोब, कारण तुम्ही फक्त भाडं धरलंय. भाडं १८, दुसऱ्या घराचा किराणा-गॅस-लाईट दहा-बारा, मुलीची पुण्यातली शाळा आणि व्हॅन, तुमचं जाणंयेणं, सगळं मिळून महिन्याला ३५ हजार कुठे गेले कळणार नाही. वर्षाला ४ लाख २० हजार. चार वर्षांचे सतरा लाख, डिपॉझिट वेगळं. तुमची एफडी पहिल्याच वर्षात संपली, दुसऱ्या वर्षी सोनं निघालं, तिसऱ्या वर्षी काय, शेत? आणि मिळतंय काय तर महिन्याचे चार रविवार, तेही दुपारचे. ३५ हजार भागिले चार, म्हणजे एका रविवारच्या जेवणाला पावणेनऊ हजार रुपये. एवढ्यात अख्ख्या होस्टेलला शेवभाजी खाऊ घालता येईल. बाकीचे सहा दिवस पोरगा होस्टेलला, त्याची आई वन बीएचकेत एकटी, तुम्ही अमळनेरात डब्यावर, आणि मुलीची शाळा सुटली ती सुटलीच. तिच्याबद्दल पत्रात अर्धी ओळ आहे, म्हणून मी मुद्दाम लिहितोय.

पोराचं म्हणाल तर मी काही मानसतज्ज्ञ नाही, पण अकरावीला भुसावळहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने ट्रंक घेऊन पुण्याला मी पण गेलोय. पहिली दिवाळी येईपर्यंत रोज वाटायचं की उद्या परत जाऊ, दिवाळीला घरी गेलो तर चौथ्या दिवशी तिथेच करमेना. सगळ्यांचं असंच होतं असं नाही, काही पोरं खरंच मोडतात, ते वेगळं ओळखता आलं पाहिजे. जेवण सुटलं, वजन उतरलं, प्रॅक्टिसला उठतच नाही, शाळेत गप्प झाला, असं असेल तर गाडी पकडा, कोचला भेटा, वॉर्डनला भेटा, डॉक्टरला दाखवा आणि गरज पडली तर खुशाल घरी घेऊन या. पण रात्री झोपायच्या आधी आईचा आवाज ऐकून रडू येणं हे १४ व्या वर्षी ठीकच आहे. तो फोन संध्याकाळी प्रॅक्टिस झाल्यावर लावत जा, रात्री नको, आणि फोनवर हॉकीचं विचारणं पहिले बंद करा.

कारण मला तुमच्या पत्रात खरी गोष्ट कानबाईच्या ओळीत नाही, तिच्या पुढच्या ओळीत दिसते. 'पूर्ण वेळ बाहेरच बसवलं.' आपल्याकडे पोरं मुरमाच्या ग्राउंडवर खेळून मोठी होतात. तिथे चेंडू उसळतो, अडखळतो, पोरगा त्या हिशोबाने हात बसवतो आणि जिल्ह्यात एक नंबर होतो. तिकडे टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकपासून मोठी हॉकी सगळी टर्फवर गेली, पाणी मारलेल्या टर्फवर चेंडू सुसाट येतो, स्टिक लावायच्या आत निघून जातो. म्हणजे ज्या गोष्टीत तो गावात राजा होता तीच त्याला परत पहिलीपासून शिकायची आहे, आणि आजूबाजूची अर्धी पोरं लहानपणापासून टर्फवर खेळलेली. त्यात तो 'करी राहिना, जाई राहिना' बोलतो म्हणून हसणारी चार टाळकी. त्याला घराची आठवण येते हे खरंच आहे, पण घराइतकीच त्याला गावातल्या स्वतःची आठवण येतेय, ज्याचं एसटी स्टँडसमोर बॅनर लागलं होतं. त्या बॅनरचा उल्लेख तुम्हीच केलाय, 'अमळनेरचा ध्यानचंद'. १४ वर्षांच्या पोराला ध्यानचंद करून ठेवलं की त्याने घरी परत यायचं कोणत्या तोंडाने? आई शेजारी राहायला आली म्हणून त्याची स्टिक टर्फवर बसणार नाही, त्याला सहा-आठ महिने लागतील, ते त्याचे त्यालाच काढायचेत.

माझा एक भाचा कॅनडात असतो, तो तिकडच्या बर्फावरच्या हॉकीचं सांगत होता. तिथल्या ज्युनिअर लीगमध्ये १६ ते २० वर्षांची पोरं घर सोडून लांबच्या गावच्या टीमकडून खेळायला जातात आणि तिथल्या एखाद्या कुटुंबात राहतात. त्याला ते बिलेट म्हणतात, टीम त्या घराला पोराच्या खाण्यापिण्याचे थोडेफार पैसे देते. आईबाप आपापल्या गावीच. मला त्यातला पैशाचा भाग जास्त आवडला. तिथल्या मोठ्या ज्युनिअर लीगमध्ये पोरगा जितके सीझन खेळेल साधारण तितक्या वर्षांची कॉलेजची फी लीगकडून मिळते. म्हणजे लीगलाच माहीत आहे की यातली बहुतेक पोरं मोठी खेळाडू होणार नाहीत, त्यांना पुढे शिकावं लागणार. हे आपल्याकडे कुणी बोलत नाही, आपल्याकडे डायरेक्ट 'रेल्वेत लागूनच जाईल'.

तर ते लागूनच जाण्याचं बघू. २०२४ च्या शेवटी हॉकी इंडिया लीग परत सुरू झाली, पुरुषांच्या आठ टीम, प्रत्येकीत २४ खेळाडू, त्यातले १६ भारतीय. आठ सोळा १२८. अख्ख्या देशातून १२८ पोरं. सगळ्यात महाग हरमनप्रीत सिंग, ७८ लाख, आणि तो कोण तर तेव्हाचा भारताचा कॅप्टन. लिलावात सगळ्यात खालची बोली २ लाखांपासून होती. वर्षाला दोन लाख तुमचं दुकान एका खरिपात काढतं. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, खरं आहे, पण ते गल्लीतल्या सर्टिफिकेटवर मिळत नाही, कोणत्या लेव्हलची स्पर्धा, कितवा नंबर, सगळं बघतात, सर्टिफिकेटची पडताळणी होते, आणि पदाला जे शिक्षण लागतं ते लागतंच. दहावी-बारावी धड नसेल तर ५ टक्के काय नि ५० टक्के काय. खेलो इंडियात निवड झाली तर महिन्याला १० हजार हातखर्चाला मिळतात, मिळाले तर चांगलंच आहे, त्याच्याच नावाच्या खात्यात पडू द्या. पण बजेटमध्ये आजपासून धरू नका. धनराज पिल्लै खडकीतून निघाला आणि चार ऑलिम्पिक खेळला, पण खडकीत त्याच्या वेळी स्टिक धरणारी पोरं किती होती ते कुणी मोजत नाही.

म्हणून म्हणतो, पोराची हॉकी स्वस्तात होऊ द्या. शासन फुकट करतंय तर करू द्या. तुम्ही त्याच्यावर सतरा लाख लावलेत, आईने घर सोडलं, बहिणीची शाळा बदलली, सोनं गेलं, हे सगळं त्याला कळणार, १४ वर्षांचा आहे, तान्हा नाही. मग १७ व्या वर्षी गुडघा गेला किंवा नुसतं मन उडालं तरी तो बोलणार नाही. आज परत यायचं म्हटलं तर एक एसटीचं तिकीट.

इथपर्यंत तुमच्या प्रश्नाचं झालं. आता शेवटच्या पानाकडे येतो, कारण ते वाचून मी दोन मिनिटं पत्र खाली ठेवलं.

पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. त्यावर विमाधारक म्हणून कुणाचं नाव आहे ते परत एकदा बघा. पोराचं. विमा रक्कम १७ लाख. म्हणजे पोराचं काही बरंवाईट झालं तर तुम्हाला १७ लाख, आणि तुमचं काही झालं तर घराला ३ लाख. भाऊ, औत ओढतंय कोण? तुम्ही गोठ्यातला बैल सोडून वासराचा विमा काढलाय. हात जोडून सांगतो, कुठलाच बाप पोराच्या मरणावर पैसे मिळावेत म्हणून विमा काढत नाही, तुम्हाला वाटलं 'मुलाच्या नावाने' म्हणजे मुलासाठी, आणि साडूंनी ते तसंच वाटू दिलं. त्यात प्रीमियम माफीचा रायडर, म्हणजे जोडकलम, पण नाही, मी शोधला. म्हणजे उद्या तुम्ही नसलात तर वहिनींनी ९६ हजार भरत राहायचं, नाहीतर पॉलिसी अर्ध्यावर अडकली.

आणि परतावा? साडूंनी पेनाने लिहून दिलंय, वीस वर्षांनी साधारण ३१ लाख. ९६ हजार गुणिले वीस म्हणजे १९ लाख २० हजार भरायचे आणि ३१ घ्यायचे, ऐकायला बरं वाटतं, पण वर्षाला साडेचार टक्के पण पडत नाहीत. हेच पैसे पीपीएफमध्ये ७.१ टक्क्याने टाकले असते तर साडेबेचाळीस लाख झाले असते, पोस्टात, सरकारी, कुणाच्या साडूशिवाय. सगळ्यात भारी म्हणजे ही 'शिक्षणासाठी' पॉलिसी पिकेल तेव्हा पोरगा ३१ वर्षांचा असेल. हॉकीतली पोरं त्या वयात बूट खुंटीला टांगायला लागतात, आणि हिला शिक्षणाची पॉलिसी म्हणायचं.

नवीन करिअर प्लॅनचं तर विचारूच नका. दोन-दोन लाख पाच वर्षं, दहाचे वीस, याला वर्षाला २४ टक्के परतावा लागतो. पाच वर्षं सलग. असा परतावा लिहून देणारा माणूस एकतर हिशोब येत नसलेला असतो नाहीतर तुम्हाला येत नाही हे त्याला माहीत असतं. 'विप्रोसारखं वाढेल' हे वाक्य त्यांनी वापरलंच असणार, तुम्ही लिहिलंय पण तसं. अमळनेरात हे वाक्य फार चालतं आणि का चालतं ते कळतं, १९४५ ला विप्रो आपल्याच अमळनेरात तेलाचा कारखाना म्हणून सुरू झाली आणि ज्यांनी शेअर घेऊन पेटीत टाकले त्यांच्या पुढच्या पिढ्यांचं भलं झालं. पण त्यांनी शेअर घेतले होते, पॉलिसी नाही. त्यात पहिल्या वर्षाचं कमिशन कापलं जात नव्हतं, नको वाटलं तर विकता येत होते, आणि मुख्य म्हणजे किराण्याचे पैसे त्यात घातले नव्हते. मध्येच लग्नाला, विहिरीला पैसे लागले म्हणून विकून बसलेले पण असतीलच, ते चौकात येऊन सांगत नाहीत इतकंच.

आता काय करायचं. पहिलं, आणि बाकी काही करायच्या आधी, स्वतःचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे ठरलेल्या मुदतीत माणूस गेला तरच घराला पैसे देणारा साधा विमा. घरखर्च वर्षाला ३ लाख ६० हजार, वीस वर्षांचे ७२ लाख, होमलोन ११, पीककर्ज दीड, कंपन्यांची उधारी ८, बेरीज नव्वदच्या वर जाते, म्हणून सरळ १ कोटी. तुमच्या वयाला ६० पर्यंतचा साधा टर्म, काहीही 'पैसे परत' वगैरे न जोडलेला, वर्षाला वीस-पंचवीस हजारात बसतो, २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटी पण शून्य झालाय. तंबाखू खात असाल तर फॉर्मवर खरं लिहा. आपल्याकडे सगळे लिहितात 'नाही' आणि खिशात पुडी असते. हप्ता थोडा जास्त बसेल, बसू द्या, खोटं लिहून क्लेमच्या वेळी वहिनींना ऑफिसच्या पायऱ्या चढायला लावण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

आणि तुम्ही दुकानदार आहात म्हणून एक जास्तीची गोष्ट. पॉलिसी घेतानाच एमडब्ल्यूपी कायद्याखाली घ्या, १८७४ चा विवाहित महिला संपत्तीचा कायदा आहे, फॉर्ममध्ये एक टिक आणि एक पान जास्त भरायचं असतं. त्याने काय होतं तर विम्याचे पैसे बायको-पोरांचेच राहतात, खताच्या कंपनीचा नाहीतर बँकेचा माणूस त्यावर हक्क सांगू शकत नाही. नंतर जोडता येत नाही, घेतानाच करायचं. मी हे ज्या ज्या कृषी केंद्रवाल्याला सांगितलं त्याला कुणी आधी सांगितलेलं नव्हतं, कारण यात सांगणाऱ्याला वेगळं कमिशन नाही.

टर्मचा कागद हातात आला की मग मुलाच्या पॉलिसीला हात लावा, त्याआधी नको. तिच्यात २ लाख ८८ हजार गेलेत. आज मोडली तर भरलेल्याच्या ३५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे लाखभर येतील, बाकीचे गेले. म्हणून मोडू नका, पेडअप करा, म्हणजे पुढचे हप्ते बंद आणि झालेली रक्कम शेवटी घ्यायची. १७ लाखांच्या वीसातले तीन भाग म्हणजे अडीच लाख, अधिक आत्तापर्यंत जमलेला बोनस, साडेचार लाखांच्या आसपास शेवटी मिळावेत. आकडा ब्रँचकडून छापील कागदावर मागा, पेनाने लिहिलेला नको. साडू म्हणतील की तीन वर्षं भरलेत तर पुढे पण भरा, नुकसान होईल. नुकसान झालंय भाऊ, तीन वर्षांपूर्वी सही केली तेव्हाच, आता फक्त पुढचे सतरा हप्ते वाचवायचेत. मुलीच्या पॉलिसीचा एकच हप्ता गेलाय, दुसरा भरूच नका. १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या पॉलिसीला पहिलं वर्ष पूर्ण झालं की मोडल्यावर थोडंफार मिळतं, जे मिळेल ते घ्या आणि मोकळे व्हा. तुमची स्वतःची १८ हजारवाली जुनी आहे, चालू द्या, तिच्यात आता उकरण्यासारखं काही नाही.

आता बघा, ९६ आणि ४८ मिळून १ लाख ४४ हजार दरवर्षी मोकळे झाले. त्यात २५ टर्मला. २५ चौघांच्या हेल्थ पॉलिसीला, दहा लाखांची फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घरात मिळून एकच रक्कम, बसेल तेवढ्यात, कमी-जास्त थोडं होईल. हॉकीत दात पडतो, नाकावर चेंडू बसतो, गुडघ्याचं लिगामेंट जातं, त्यामुळे हे हवंच, आणि घेताना पोरगा हॉकी खेळतो हे सांगून विचारा की खेळातली दुखापत धरली जाते का. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, तुमचं कार्ड काढलेलं नसेल तर काढून ठेवा, फक्त ते ठरलेल्या हॉस्पिटलला आणि ठरलेल्या उपचारांनाच चालतं. मग ६० हजार पोराला भेटायला. महिन्यातून एक फेरी, दोघांचं रात्रीच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट, एक रात्र लॉज, पाच हजारात होतं, वर्षाचे ६०. त्यातही दर महिन्याला जायची गरज नाही, दिवाळीला आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो घरी येईलच. २४ हजार मुलीच्या सुकन्या समृद्धीत, महिन्याला दोन हजार, सध्या ८.२ टक्के आहे. राहिले १० हजार, पोराचे बूट, शिनगार्ड, स्टिकची ग्रिप. झाले १ लाख ४४. जास्तीचा एक रुपया लागला नाही, एफडी जागेवर, सोनं कपाटात. एफडीला हात लावायचा नाही, तो तुमचा आठ-नऊ महिन्यांचा घरखर्च आणि हप्ता आहे, कापसाला भाव नाही मिळाला त्या वर्षासाठी.

पतसंस्थेतल्या ३ लाखांचं थोडक्यात. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. जळगाव जिल्ह्यात राहून पतसंस्थांबद्दल मी अजून काही सांगायची गरज नाही, माझ्या वडिलांचे पण एका पतसंस्थेत अडकले होते, नाव घेत नाही, चेअरमन रोज देवळात भेटायचे आणि 'पुढच्या महिन्यात' म्हणायचे. मुदत संपली की काढून बँकेत आणा. व्याज दोन टक्के कमी मिळेल आणि झोप लागेल.

साडूंचं काय करायचं, तर काहीच नाही. भांडू नका, घरात लग्नकार्यं आहेत, बहिणी-बहिणी आहेत. पण पेडअपचा अर्ज त्यांच्या हातात देऊ नका, 'मी करून टाकतो' म्हणतील आणि हप्त्याची तारीख निघून जाईल. स्वतः ब्रँचला जा, अर्जाच्या झेरॉक्सवर सही-शिक्का घ्या. करिअर प्लॅनचं परत काढलं तर म्हणा की २० लाखांचं कंपनीच्या लेटरहेडवर लिहून आणा, मग बघू. आणणार नाहीत.

पोराला पुढच्या वेळी भेटायला जाल तेव्हा बिबड्या, ठेचा, कळण्याच्या पिठाच्या चार भाकरी घेऊन जा, आणि एकट्याला पुरेल एवढं नेऊ नका, खोलीत जितकी पोरं आहेत तितक्यांना पुरेल एवढं न्या. त्याच्या बोलण्याला हसणारी टाळकी ठेचा खाऊन पाणी मागत फिरली की गणित बदलतं, मला अनुभव आहे. मॅच असेल तर लांबून बघा, नंतर स्टिक कशी धरायची ते सांगू नका.

आणि सुकन्याचं खातं मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत उघडावं लागतं. तुमच्या हातात दोनच वर्षं आहेत, दिवाळीनंतर बघू म्हणू नका. पोस्टात जाताना तिचा जन्मदाखला, तुमचं आधार-पॅन आणि दोन फोटो लागतील. बुधवारी तुमचं दुकान बंद असतं लिहिलंय, तेव्हाच जाऊन या.